बॅटरीचं बोलणं ऐकायचं कसं: कॅन बसवरून ईव्हीचे आकडे वाचायची सुरुवात

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागात, अजून अशी माणसं आहेत, जी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवतात, मूठ कानाशी धरतात आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतात. इलेक्ट्रिक रिक्षा आल्या आणि या कानांची पंचाईत झाली. मोटर नुसती गुणगुणते आणि बॅटरीची पेटी तर पार मुकी.

मुकी वाटते, एवढंच. पेटीतला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारा सर्किट बोर्ड, चावी फिरवल्यापासून दोन बारीक, सगळ्यांत सामायिक वायरींवर (हीच कॅन बस) सारखा बडबडत असतो: व्होल्टेज इतकं, करंट इतका, चार्ज इतके टक्के, सर्वांत खाली गेलेला सेल अमुक. ही बडबड कोणी विचारलं म्हणून होत नाही. मोटरच्या कंट्रोलरनं, मीटरनं, चार्जरनं, ज्याला गरज असेल त्यानं ऐकावी म्हणून ती चालू असते. तीच आपण ऐकायची आहे. प्रोग्रॅमिंग थोडंफार येत असेल आणि मल्टिमीटर हातात धरता येत असेल, तर एका रविवारी सुरुवात होते.

मी यात पडलो ते गल्लीतल्या एका रिक्षावाल्या मामांमुळे. त्यांची तक्रार अशी: "पन्नास-साठ टक्के दाखवतीया, आन् चार शिटं घेऊन टेंबलाईच्या टेकडीचा चढ लागला की गपकन बंद पडतीया. दुकानात नेली तर म्हणत्यात बॅटरी वक्के हाय." मी म्हटलं, "मामा, रविवारी सकाळी धंद्याला जायच्या आधी घेऊन या, बघूया." त्या रविवारचे आकडे खाली उदाहरण म्हणून येतील.

कॅन म्हणजे काय, गरजेपुरतं

बॉश कंपनीनं १९८६ साली कॅन जगापुढे मांडलं. आधी गाडीत प्रत्येक कामाला वेगळी वायर ओढावी लागे. त्याऐवजी एकमेकींत पिळलेल्या दोन वायरी टाकायच्या, कॅन हाय आणि कॅन लो, आणि सगळ्यांनी त्याच्यावरच बोलायचं. चावडीवर बसल्यासारखं: एक बोलतो, बाकीचे ऐकतात, ज्याला हवं तो लक्ष देतो. दोघं एकदम बोलायला लागले, तर ज्याच्या संदेशाचा आयडी, म्हणजे ओळखीचा नंबर, आकड्यानं लहान तो पुढं जातो आणि दुसरा गप्प बसून पुन्हा प्रयत्न करतो.

प्रत्येक संदेशात आपल्या कामाच्या दोनच गोष्टी असतात: आयडी आणि जास्तीत जास्त ८ बाइट डेटा. आयडी म्हणजे बोलणाऱ्याचं नाव नव्हे, विषयाचं नाव आहे. हे पहिल्याच दिवशी डोक्यात बसवा, पुढचा गोंधळ वाचतो. आयडी दोन मापांचे असतात, ११ बिटांचा आणि २९ बिटांचा. कारमध्ये बहुतेक ११ चे दिसतात. ट्रक, ट्रॅक्टर आणि आपल्याकडच्या बऱ्याच तीनचाकींच्या बॅटऱ्यांत २९ चे.

आयडी आणि बाइट दोन्ही हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पाढ्यात लिहितात. ० ते ९ नेहमीसारखे, पुढं दहा ते पंधरासाठी ए, बी, सी, डी, ई, एफ. एका बाइटमध्ये दोन आकडे, ०० पासून एफएफ पर्यंत, म्हणजे शून्य ते २५५. डावा आकडा गुणिले सोळा, अधिक उजवा. आठवडाभरात हे तोंडी व्हायला लागतं.

ऐकणं वेगळं, विचारणं वेगळं

मोबाइलवर चालणारी ओबीडी, म्हणजे गाडीची तपासणी करणारी, ॲप बहुतेक वेळा विचारणारी असतात. ती गाडीला प्रश्न पाठवतात, गाडी उत्तर देते. त्यातून खूप काही मिळतं, पण आपण चावडीवर तोंड उघडलेलं असतं. या लेखात आपण नुसते ऐकणार आहोत. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. चालत्या गाडीच्या बसवर चुकीचा संदेश टाकला, तर तो कंट्रोलरला खरा वाटू शकतो. थ्रॉटलवर, ब्रेकवर, कॉन्टॅक्टरवर (बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचवर) काय होईल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

ऐकण्याला मर्यादाही आहे. बीएमएस जे आपणहून सांगतो तेवढंच मिळतं. उदाहरणार्थ निसान लीफ: भारतात ती विकली गेली नाही, पण जगभरच्या हौशी लोकांनी तिची बस इतकी उकलून ठेवली आहे की शिकायला तिच्यासारखं पुस्तक नाही. पॅकचं, म्हणजे अख्ख्या बॅटरीचं, व्होल्टेज, करंट आणि चार्जचे टक्के ती आपणहून सांगत राहते. तिच्या ९६ सेल-जोड्यांचं एकेक व्होल्टेज मात्र विचारल्याशिवाय देत नाही. मामांची रिक्षा या बाबतीत लीफपेक्षा मोकळ्या मनाची निघाली, ते पुढं येईलच.

सामान

दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे यूएसबीचा कॅन अडॅप्टर. 'कॅनेबल' नावाची खुली रचना आहे, तिच्या नकला सगळीकडे मिळतात. लिनक्सच्या लॅपटॉपला लावली की नेटवर्क कार्डासारखी वापरता येते, कारण लिनक्सच्या कर्नलमध्ये २००८ पासून कॅनची सोय आहे. सोबत 'कॅन-युटिल्स' हा फुकटचा संच टाकायचा. त्यातला 'कॅनडंप' सगळे संदेश नोंदवतो आणि 'कॅनस्निफर' बदललेले बाइट रंगवून दाखवतो. चित्रांत आणि आलेखांत बघायचं असेल तर 'सॅव्ही-कॅन'. ते विंडोजवरही चालतं.

दुसरा रस्ता हाताला काम देणारा: ईएसपी ३२ नावाचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. त्याच्या आत कॅनचा कंट्रोलर आधीच असतो. बाहेरून फक्त ३.३ व्होल्टवर चालणारा ट्रान्सीव्हर, म्हणजे बोर्ड आणि बसच्या वायरी यांच्या मधली चिप, जोडायचा. गाडीत कायमचा लॉगर (नोंदी ठेवणारा) बसवायचा असेल तर हाच बरा.

बाजारात सगळ्यांत आधी हाताला लागतो तो एमसीपी २५१५ चिपचा निळा मॉड्यूल. चालतो, पण दोन ठिकाणी दगा देतो. एक, त्याच्यावरचा क्रिस्टल, म्हणजे चिपला ठोके देणारा तुकडा, ८ मेगाहर्ट्झचा असतो आणि नेटवरून उतरवलेल्या प्रोग्रॅममध्ये बरेचदा १६ लिहिलेलं असतं. मग कोड बरोबर, वायरी बरोबर, आणि पडद्यावर काहीच नाही. क्रिस्टलच्या पाठीवर कोरलेला आकडा भिंगातून वाचा. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे. दोन, त्याच्यावर १२० ओहमचा रेझिस्टर जंपरनं, म्हणजे काढता येणाऱ्या छोट्या टोपीनं, जोडलेला असतो. गाडीला लावताना तो जंपर काढायचा. का, ते लगेच येतंय.

ईएलएम ३२७ वाले स्वस्त ब्लूटूथ डबे प्रश्नोत्तरांना ठीक आहेत. गर्दीच्या बसवर सगळं ऐकायला लावलं की त्यांची दमछाक होते आणि 'बफर फुल' म्हणून बसतात.

शिवाय मल्टिमीटर आणि केबलभोवती चिमटा लावून डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. डीसी हा शब्द दुकानात दोनदा म्हणा. आपल्या वायरमन लोकांकडचे बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात. बॅटरीच्या केबलला लावले की शून्य दाखवतात, आणि माणूस बीएमएसला खोटं ठरवून मोकळा होतो.

वायरी शोधणं

कारमध्ये स्टेअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी पोर्ट असतं: ६ नंबरला कॅन हाय, १४ ला कॅन लो, ४ आणि ५ ला अर्थ, १६ ला १२ व्होल्ट. लीफसारख्या गाडीत बॅटरीची वेगळी बस १२ आणि १३ नंबरवर येते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत मात्र पोर्टच्या मागं गेटवे बसलेला असतो, दारावरच्या रखवालदारासारखा. प्रश्नाला उत्तर देतो, आतली बडबड बाहेर येऊ देत नाही. लीफमध्येही २०१८ च्या मॉडेलपासून तसंच आहे. अशा गाडीत पोर्टवर काही ऐकू आलं नाही, तर तुमचं काही चुकलेलं नाही.

दुचाकी-तीनचाकीत ज्याचा त्याचा कप्लर. बॅटरीकडून निघणारी जाड लाल-काळी केबल सोडायची, तिला हात लावायचा नाही. बाजूला बारीक वायरींचा कप्लर असतो, त्यात एकमेकींत पिळलेली जोडी शोधायची. मग चावी बंद ठेवून दोन मिनिटं थांबायचं आणि जोडीच्या मध्ये रेझिस्टन्स मोजायचा. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळं मीटरला साधारण ६० दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टोक सुटलंय. ४० दिसले तर तिसरा रेझिस्टर कुणीतरी घुसवलाय, आणि तो बहुतेक तुमच्याच निळ्या मॉड्यूलचा जंपर असतो.

आता चावी चालू करा आणि एकेक वायर अर्थला मोजा. दोन्ही अडीच व्होल्टच्या आसपास येतील, एक किंचित वर, एक किंचित खाली. वरची कॅन हाय. बस शांत असताना दोन्ही अडीचवर असतात. बोलताना हाय साडेतीनकडे जाते आणि लो दीडकडे. मल्टिमीटरला या उड्यांची सरासरी तेवढी दिसते.

वायरी कापू नका, सोलू नका. कप्लरच्या पाठीमागून बारीक पिन सरकवता येते, किंवा तसाच नर-मादी कप्लर जोडी आणून मध्ये एक फाटा करता येतो. वॉरंटीच्या काळात गाडी परत न्यायची झाली, तर तुमचा फाटा काढला की गाडी होती तशी.

लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवा, चार्जर लावू नका. छोट्या गाड्यांत पॅकचं निगेटिव्ह आणि कॅनचा अर्थ बरेचदा एकच असतात. गाडीचा चार्जर भिंतीला, लॅपटॉपचा चार्जर भिंतीला, मधे तुमची यूएसबी, अशी माळ लागली की एखादा पोर्ट जळू शकतो. आयसोलेशन असलेला, म्हणजे गाडी आणि लॅपटॉप विजेनं वेगळे ठेवणारा, अडॅप्टर मिळाला तर चार पैसे जास्त द्या. आणि कारच्या नारिंगी केबलला काही झालं तरी हात लावायचा नाही. तिथं शेकडो व्होल्ट असतात.

गप्प बसून ऐकणं

अडॅप्टर चालू करताना 'लिसन-ओन्ली' हा पर्याय आवर्जून निवडा. एरवी कॅनवरचा प्रत्येक जण नीट पोचलेल्या संदेशाला 'पोचलं' म्हणून एक बिट टाकतो, आणि संदेश बिघडलेला वाटला तर आरडाओरडा करून तो पाडतो. तुम्ही वेग चुकीचा ठेवलात, तर तुम्हाला सगळेच संदेश बिघडलेले वाटणार आणि तुम्ही सगळेच पाडणार. लिसन-ओन्लीत तोंडाला पट्टी असते, वेग चुकला तरी गाडीला फरक पडत नाही. मग निवांत अंदाज लावा: तीनचाकीत आधी २५० किलोबिट, कारमध्ये आधी ५००. नाही जमलं तर १२५ आणि १०००. बरोबर वेग लागला की पडदा धबधब्यासारखा वाहायला लागतो.

एक गंमत मात्र लक्षात ठेवा. गाडीतून काढलेला पॅक किंवा सुटा बीएमएस टेबलावर ठेवून नुसता तुमच्या अडॅप्टरला जोडलात, तर तिथं 'पोचलं' म्हणणारं दुसरं कुणीच नसतं. तुम्हीही गप्प. बिचारा बीएमएस तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि तुम्हाला वाटतं, पॅक बिघडला. टेबलावर दोघंच असताना लिसन-ओन्ली बंद ठेवायचं आणि दोन्ही टोकांना १२० ओहम लावायचे. तिथं निळ्या मॉड्यूलचा जंपर उपयोगी पडतो. गाडीवर गेलात की परत पट्टी तोंडाला.

कुठला बाइट काय सांगतो

धबधबा बघून घाबरायला होतं. मामांच्या रिक्षावर अकरा वेगवेगळे आयडी दिसत होते, मामा मागून डोकावून म्हणाले, "ह्ये सगळं माझी गाडी बोलतीया?"

युक्ती एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कुठला बाइट हलतो ते बघा. चावी चालू, गाडी जागेवर, दोन मिनिटं नोंद. हेडलाइट लावा, अर्ध्या मिनिटानं बंद करा. जॅक लावून मागची चाकं उचला, थोडा थ्रॉटल द्या. चार्जर लावा. प्रत्येक वेळी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत मोठ्यानं बोला, "सात अठ्ठावीस, हेडलाइट चालू". वहीत लिहायला हात मोकळा नसतो आणि नंतर काहीच आठवत नाही.

जो बाइट सारखा शून्यापासून पंधरापर्यंत मोजत पुन्हा शून्यावर येतो तो नुसता काउंटर, सोडून द्या. शेवटचा बाइट प्रत्येक वेळी वेडावाकडा बदलत असेल तर ती पडताळणीची बेरीज, तीही सोडा. थ्रॉटल दिला की वर आणि सोडला की खाली जाणारी दोन बाइटची जोडी म्हणजे करंट असण्याची शक्यता. त्याच क्षणी किंचित खाली जाणारी जोडी म्हणजे व्होल्टेज.

चार्जर लावल्यावर एखादं ओळखीचं माणूस भेटू शकतं. बऱ्याच चिनी चार्जरांत आणि त्यांच्याबरोबर चालणाऱ्या बीएमएसमध्ये १८०६ई५एफ४ हा आयडी सेकंदाला एकदा येतो. बीएमएस चार्जरला सांगत असतो, इतक्या व्होल्टपर्यंत, इतक्या अँपिअरनं भर. पहिले दोन बाइट व्होल्टेज, पुढचे दोन करंट, दोन्ही दहा पटीत. चार्जरचं म्हणणं १८एफएफ५०ई५ वर उलट येतं. समजा असं दिसलं:

०२ ४८ ०० ९६ ०० ०० ०० ००

हेक्स ०२४८ म्हणजे ५८४, म्हणजे ५८.४ व्होल्ट. सोळा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल गुणिले पूर्ण चार्जचे ३.६५, बरोबर बसलं. ००९६ म्हणजे १५०, म्हणजे १५ अँपिअर. इथं पाय टेकला की पुढचं धाडस येतं.

बाइटचा आकडा करणं

मामांची रिक्षा सकाळी जागेवर उभी असताना मुख्य संदेश असा होता. आयडी मुद्दाम देत नाही. तुमच्या पॅकचा वेगळा असणार, आणि इथला बघून तुम्ही तोच शोधत बसाल.

०२ १३ ०० ०० ७५ ३० ०२ ९७

मल्टिमीटरनं पॅकचं व्होल्टेज ५३.१ दाखवलं. हेक्स ०२१३ म्हणजे २ गुणिले २५६ अधिक १९, म्हणजे ५३१. दहानं भागा. पहिले दोन बाइट सापडले. यात मोठा बाइट आधी आहे. काही बीएमएस लहान बाइट आधी पाठवतात. तसं समजून वाचलं असतं तर १३०२, म्हणजे ४८६.६ व्होल्ट आले असते. तेवढे व्होल्ट रिक्षात असते तर आम्ही इतक्या निवांत बसलो नसतो.

७५३० म्हणजे बरोबर ३००००. गाडी उभी असताना एखाद्या जागेत असा गोल आकडा दिसला की समजायचं, हा शून्य आहे, सरकवलेला. करंट दोन्ही दिशांनी वाहतो, म्हणून पुष्कळ बीएमएस शून्याला ३०००० म्हणतात. त्याच्या वर गेलं तर बॅटरीतून बाहेर, खाली गेलं तर आत. काहींमध्ये उलटंही असतं, चार्जर लावून खात्री करा. चाल सुरू झाल्यावर तिथं ७६ ९० दिसलं: ३०३५२, वजा ३००००, भागिले दहा, म्हणजे ३५.२ अँपिअर. क्लॅम्प मीटर ३५ च्या आसपास नाचत होता.

दुसऱ्या पद्धतीत ऋण आकडा थेट लिहितात. तिथं एफएफ एफ६ दिसलं तर ते ६५५२६ नव्हे, त्यातून ६५५३६ वजा करायचे. उरले वजा १०, म्हणजे वजा एक अँपिअर. रिक्षातून साडेसहा हजार अँपिअर जाताना दिसले, तर ही चूक आहे.

शेवटचे ०२९७ म्हणजे ६६३, मीटरवर ६६ टक्के. जुळलं.

तापमानानं मला एकदा घाम फोडला होता. दुसऱ्या एका पॅकमध्ये बाइट होता ४९, म्हणजे ७३. मी पॅक ७३ अंशावर गेलाय म्हणून चावी काढून लांब उभा राहिलो. हात लावला तर पेटी कोमट. तापमान शून्याखालीही जाऊ शकतं म्हणून त्यात ४० मिळवून पाठवायची पद्धत आहे. ७३ वजा ४०, म्हणजे ३३ अंश, मे महिन्यातल्या कोल्हापूरची दुपार.

सगळे आकडे बाइटच्या चौकटीत नीट बसतीलच असं नाही. लीफमध्ये ५५बी या आयडीवर चार्जचे टक्के येतात: पहिला पूर्ण बाइट आणि दुसऱ्याचे फक्त वरचे दोन बिट. ९५ ८० असं दिसलं तर ९५ म्हणजे १४९. त्याला चारनं गुणा, ५९६. दुसऱ्या बाइटच्या वरच्या दोन बिटांचे २ मिळवा, ५९८. म्हणजे ५९.८ टक्के. कुठला बिट कुठून सुरू होतो, किती गुणायचे, किती वजा करायचे, हे सगळं लिहून ठेवायला डीबीसी नावाची फाइल असते. सॅव्ही-कॅनमध्ये ती भरली की हेक्सच्या जागी थेट व्होल्ट-अँपिअर दिसतात. पण पहिली चार-पाच गणितं कागदावर करा.

आकडा बरोबर वाटला तरी त्याला जमिनीवर उतरवून बघा. पन्हाळा भोवतालच्या मुलखापेक्षा चारएकशे मीटर उंच. माणसांसकट ७०० किलोची रिक्षा तेवढी वर न्यायला नुसत्या उंचीसाठी ७६० वॅट-अवर लागतात, रस्त्याचं आणि वाऱ्याचं घर्षण वेगळंच. तुमच्या नोंदीतल्या व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले तास यांची बेरीज पन्हाळ्यापर्यंत ५०० च येत असेल, तर कुठंतरी भागाकार चुकलाय.

आणि टक्क्यांवर फार जीव टाकू नका. एलएफपी सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, ते बघून चार्ज किती उरला हे सांगता येत नाही. बीएमएस आत-बाहेर गेलेला करंट मोजत बेरीज-वजाबाकी करतो आणि त्यातली चूक साठत जाते. पूर्ण चार्ज झाला की हिशेब पुन्हा जुळवतो. रोज ऐंशीवर काढून पळणाऱ्यांच्या रिक्षात टक्के अचानक उड्या मारतात, त्याचं बहुतेक हेच कारण.

सेलपर्यंत पोचणं

मामांच्या अकरा आयडींपैकी एक विचित्र वागत होता. गाडी उभी, सगळं स्थिर, तरी त्याचे बाइट सारखे बदलत होते. असं दिसलं की पहिला बाइट बघायचा. तो ०१, ०२, ०३ असा ०६ पर्यंत जाऊन पुन्हा ०१ वर येत होता. एकाच आयडीवर आळीपाळीनं वेगवेगळी माहिती पाठवण्याची ही रीत. पहिला बाइट पानाचा नंबर, पुढं दोन-दोन बाइटचे तीन सेल, मिलिव्होल्टमध्ये. सहा पानं, सोळा सेल, शेवटच्या पानावर दोन जागा रिकाम्या.

मामा पुढं, मी मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन, असे आम्ही उद्यमनगरातून निघालो. सपाट रस्त्यावर ३५ अँपिअरला चौथं पान असं दिसलं:

०४ ०सी बीसी ०बी एई ०सी बीसी ००

०सीबीसी म्हणजे ३२६०. दहावा आणि बारावा सेल ३.२६ व्होल्ट. मधला ०बीएई म्हणजे २९९०. अकरावा सेल २.९९. बाकी सगळ्या पानांवर ३.२६ च्या आसपास. पॅकचं एकूण व्होल्टेज तेव्हा ५१.९ होतं. पंधरा गुणिले ३.२६ अधिक २.९९ केलं, जुळलं.

टेंबलाईच्या पायथ्याला मामांच्या ओळखीचे तिघं उचलले. आषाढात टेंबलाई देवीच्या जत्रेला याच रस्त्यानं पी ढबाक वाद्यांच्या तालावर पाण्याच्या कळशा वर जातात. त्या दिवशी आम्ही पॅक वर नेत होतो. चढाला करंट ९० वर गेला, बाकीचे सेल ३.१६, अकरावा २.४६. दोन-तीन सेकंदांत गाडी गपकन बंद. टक्के अजून ६४. मामा मागं वळून म्हणाले, "बघिटलं न्हवं?"

बीएमएस खोटं बोलत नव्हता आणि मामाही. एक सेल अडीच व्होल्टच्या खाली गेला, म्हणून बीएमएसनं आपलं काम केलं. प्रश्न असा, की सेल म्हातारा झालाय की आणखी काही? इथं नोंद कामाला येते. थ्रॉटल सोडला त्याच क्षणी अकरावा बाकीच्यांच्या बरोबरीनं ३.३१ वर परतत होता. दमलेला सेल असा झटकन उठून बसत नाही, हळूहळू वर येतो. शिवाय ३५ अँपिअरला फरक ०.२७ व्होल्ट, ९० ला ०.७०. दोन्हीकडे भागाकार साडेसात-आठ मिलिओहम. करंटच्या प्रमाणात आणि तत्काळ, म्हणजे मधे कुठंतरी रेझिस्टन्स.

घरी येऊन १५ अँपिअरवर चार्जिंगला लावली. बाकीचे सेल ३.३८, अकरावा ३.५०. चालताना सर्वांत खाली असलेला चार्जिंगला सर्वांत वर, तेही बॅटरी अर्धी-पाऊण असताना. सैल सांधा असाच दिसतो: करंट बाहेर जाताना सेलचं व्होल्टेज कमी भासतं, आत येताना जास्त. ०.७ व्होल्ट गुणिले ९० अँपिअर, म्हणजे चढावर त्या एका बोल्टपाशी ६३ वॅट उष्णता, चांगल्या सोल्डरिंग आयर्नएवढी. तापमानाचे दोन सेन्सर दुसरीकडे चिकटवलेले, त्यांना याचा पत्ता नाही.

पॅक आम्ही उघडला नाही, तुम्हीही उघडू नका. हातातला पाना एकदा सेल जोडणाऱ्या दोन पट्ट्यांवर आडवा पडला की वेल्डिंगच होतं. मी सहा ओळींचा कागद लिहून दिला: करंट, अकराव्याचं व्होल्टेज, बाकीच्यांचं, चालताना आणि चार्जिंगला. त्याच दुकानात मामा तो घेऊन गेले. या वेळी "वक्के हाय" म्हणायला जागा नव्हती. दहा आणि अकराच्या मधल्या पट्टीचा बोल्ट सैल होता, खालचा पत्रा काळा-निळा पडलेला. पट्टी बदलली, बोल्ट मापानं आवळला.

नंतर टेंबलाईच्या चढाला पुन्हा नोंद घेतली. अकराव्याच्या आणि बाराव्याच्या आकड्यांतला फरक आता १० मिलिव्होल्टच्या आत असतो. मामांनी शेजारच्या स्टॉपवर सांगून टाकलंय, त्यामुळं पुढच्या रविवारी दोन रिक्षा येणार आहेत. त्यातल्या एकीचा कप्लर मी अजून बघितलेला नाही.